दोन्ही हात पेटीवर

मायाप्पा : तीन वेळा. एका गायनात तीन वेळा पडला. मी मोजलंय.

गुणाबाई : अण्णा, तू चर्चात गायन म्हणाया गेलतास का पदर मोजाया?

मायाप्पा : मी मंडळीचा पंच हाय, गुणे. पंचाला समदीकडं ध्यान द्यावं लागतं.

गुणाबाई : दे की. पर आधी बूड टेकव. उपासना सुटली तशी नीट हिकडंच आलास न्हवं? भाकरी खाऊन जा.

मायाप्पा : भाकरीला न्हाय आलो. तुझी सून कुठं हाय?

रिबका : ही काय, चुलीपाशी. सलाम, मामा.

मायाप्पा : सलाम. हिकडं ये, सूनबाई. राग मानू नगंस. शांतवन माझा सख्खा भाचा, म्हंजे तू माझ्या घरचीच. म्हणून घरी येऊन सांगतोय. चार माणसांत सांगितलं न्हाय.

रिबका : सांगा की.

मायाप्पा : लगीन होऊन आलीस त्याला सा म्हैनं झालं. सा म्हैनं बघतोय. पेटी सुरू झाली की तुझ्या डोईचा पदर खाली. गायन संपलं की वर. पुन्ना पेटी, पुन्ना खाली. बरं दिसत न्हाय.

रिबका : मामा, माझा एक हात भात्यावर असतो, एक पट्ट्यांवर. पदर सावरायला तिसरा हात कुठून आणू?

मायाप्पा : बाकीच्या बाया सावरत्यात की.

रिबका : त्यांच्या हातात नुसतं पुस्तक असतं.

गुणाबाई : माझं तर उलटंच असतंय पुस्तक. मला कुठं वाचाय येतंय? पर धरते बाई, समदी धरत्यात म्हणून.

रिबका : आणि साडी नायलॉनची, मामा. सुताची असती तर पदर बसला असता. ही साबण लावल्यागत घसरते.

मायाप्पा : मग नायलान नेसू नगंस.

रिबका : बाहेर जायच्या दोनच साड्या आहेत मला, दोन्ही नायलॉनच्या. एक तर यांनीच आणली, बेळगावजवळ मच्छे गावच्या कारखान्यात लागले तेव्हा. नाही नेसली तर महिन्याकाठी घरी आल्यावर तोंड पाडून बसतात.

मायाप्पा : त्ये तुमचं तुम्ही बघा. लोक बोलाय लागल्यात.

गुणाबाई : कोण लोक?

मायाप्पा : लोक म्हंजे... लोक.

गुणाबाई : नाव सांग.

मायाप्पा : परशराम म्हणत हुता.

गुणाबाई : परशराम? त्यो पहिल्या प्रार्थनेला डोळं मिटतोय त्ये आशीर्वादाला उघडतोय. त्याला पदर दिसला कवा?

मायाप्पा : इषय परशरामचा न्हाय.

रिबका : मामा, बेळगावच्या कॅम्पात आमच्या चर्चमध्ये निम्म्या बायका डोकं उघडं ठेवून बसतात. कुणी वळूनसुद्धा बघत नाही. माझे बापू पलटणीच्या बँडात होते, त्यांनीच मला पेटी शिकवली. तेरा वर्षांची असल्यापासून चर्चमध्ये वाजवतेय. आता अठ्ठ्याहत्तर साल आलं, आजवर मला कुणी काही म्हणालं नव्हतं.

मायाप्पा : कॅम्पाचं कॅम्पात. तिथं पलटण हाय, मोठमोठं सायब हाईत. ही निपाणी हाय. हितं डोई उघडी टाकून बाई देवाम्होरं बसत न्हाय. आन ह्ये माझ्या मनाचं न्हाय, शास्त्रात हाय. पौलानं सवता लिवलंय. बाईनं प्रार्थनेला डोई झाकावी.

रिबका : लिहिलंय. मी नाही म्हणत नाही.

मायाप्पा : मग आयतु!

गुणाबाई : आयतु काय आयतु? ही मुन्सिपाल्टी न्हाय, सायबाम्होरं कानडी बोलून फाईल मिटवाया.

मायाप्पा : म्हंजे झालं, मिटलं. म्होरल्या रविवारपासनं पदर डोईवर, न्हायतर पेटी खोक्यात. त्याच्या म्होरल्या रविवारी पाळकसायेब येणार हाईत बेळगावासनं. प्रभुभोजन हाय. त्यांच्यादेखत शोभा नगं.

गुणाबाई : आन पेटी कोण वाजवणार? तू?

मायाप्पा : वाजवीन की. ही यायच्या आधी कोण वाजवत हुतं?

गुणाबाई : तूच वाजवत हुतास. एका बोटानं. एक कडवं संपस्तवर घरची चूल इझून जायाची.

मायाप्पा : देव बोटं मोजत न्हाय, गुणे.

गुणाबाई : न्हाय. त्ये काम त्यानं पंचांवर सोडलंय.

मायाप्पा : तू भाकरी वाढणार हायस का म्या जाऊ?

गुणाबाई : बस. वाढते. रिबका, कांदा फोड मामाला. आन तूबी ऐक, पोरी. अण्णाचं बोलणं वाकडं हाय, पर पदर पायजे. मलाबी पायजे. आपण असं करू. मी तुझ्या मागं पेटीला खेटून बसते. पडला पदर की मी वर घेते. तू खुशाल वाजव. हाय का कबूल, अण्णा?

मायाप्पा : कबूल. पर नीट धर.

गुणाबाई : तीस वर्सं तंबाखू चाळतोया ह्यो हात. पदर धरता येत न्हाय व्हय?

* * *

(पुढचा रविवार. चर्चमध्ये मंडळी गातेय. पेटीपाशी दोघी, दबक्या आवाजात.)

गुणाबाई : आला बघ खाली. थांब, घेते वर.

रिबका : आत्ती, हळू. केस ओढले.

गुणाबाई : गप. वाजव.

रिबका : वाजवतेच आहे.

गुणाबाई : पुन्ना आला. काय गं ही साडी! मासळी धरल्यागत व्हायलंय.

रिबका : आता डोळ्यावर आला. मला पुस्तक दिसत नाही.

गुणाबाई : तुला पुस्तकाबगार येतंय म्हणलीस की.

रिबका : वाजवायला येतं. पण मंडळी कुठं पोचली ते कळायला नको? मागं घ्या. आणखी मागं.

गुणाबाई : घेतला. आता काय दिसतंय?

रिबका : लोक ध्रुवपदावर आहेत आणि मी कडव्यावर.

गुणाबाई : तू हो म्होरं. येतील मागनं.

रिबका : असं नसतं हो, आत्ती!

मायाप्पा : गुणाबाई! काय चाललंय तिथं?

गुणाबाई : काय न्हाय, अण्णा. पदर धरलाय.

मायाप्पा : धरा. पर बोलू नगा. मंडळी, दुसरं कडवं पैल्यापासनं.

रिबका : चला, लागला सूर. आता छान चाललंय.

गुणाबाई : माझं आवडतं कडवं हाय ह्ये. माझी आय म्हणायची, पहाटं दळताना.

रिबका : म्हणा मग. मोठ्यानं म्हणा.

गुणाबाई : म्हणते की.

रिबका : ...आत्ती.

गुणाबाई : काय?

रिबका : पदर.

गुणाबाई : काय झालं पदराला?

रिबका : तुम्ही सोडलात. कधीच पडला. मामा बघताहेत.

गुणाबाई : अगं गात हुते न्हवं मी! गाऊ का पदर धरू? दोन कामं एकदम कशी व्हायची माणसाच्यानं?

रिबका : मी तरी मामांना दुसरं काय सांगत होते?

* * *

गुणाबाई : रिबका, पाणी तापलंय का गं? आज वखारीत लई धूळ हुती, घसा नुसता... अगं, ह्ये काय बांधलंयस डोईला?

रिबका : तुम्ही बांधता तसंच. तुमचा धुतलेला फडका होता वळणीवर, तो घेतला. मागं गाठ मारली की हलत नाही. बघा, कितीही मान हलवली तरी. येत्या रविवारी असंच बांधते. डोकं झाकलं, हात मोकळे. मामा खूष, पाळकसाहेब खूष.

गुणाबाई : काड.

रिबका : का? वाईट दिसतंय?

गुणाबाई : काड म्हणते न्हवं. आधी काड, मग बोल.

रिबका : काढला. रागावलात?

गुणाबाई : ह्यो फडका कशाचा हाय?

रिबका : कामाचा.

गुणाबाई : वखारीचा. तंबाखू चाळताना धूळ उडती. नाकात, तोंडात, केसांत बसती. तीन पाण्यानं धुतलं तरी उशीला वास मारतोय. म्हणून बांधायचा. आन एखांद्या दिशी इसरलं की मुकादम वरडतोय, केस मालात पडतील म्हणून. माझ्या केसांची काळजी न्हाय त्याला, मालाची हाय. सा दिस मी ह्यो बांधते. त्याच्यासाठी बांधते. देवाच्या घरात त्यो आणायचा न्हाय.

रिबका : मला ठाऊक नव्हतं हो. मला वाटलं, फडका म्हणजे फडका.

गुणाबाई : सातव्या दिशी मी न्हाते. तेल घालते. चांगलं लुगडं नेसते आन पदर माझ्या हातानं डोईवर घेते. कुणी सांगत न्हाय, कुणी वरडत न्हाय. त्या दिशी मी कुणाची कामाची बाई न्हाय. चर्चाच्या वाटंनं जाताना मुकादम जरी म्होरनं आला तरी आधी त्यो बाजूला हुतोय.

रिबका : बसा आत्ती. पाणी देते, आधी घोटभर प्या.

गुणाबाई : माझी आय गावात शेणाच्या पाट्या उचलायची. डोईवर चुंबळ, चुंबळीवर पाटी. पदर घेणार कवा? जिला पाटी उचलावी लागत न्हाय तिनं पदर घ्यायचा, असंच हुतं आमच्याकडं. आमचा बाप्तिस्मा झाला त्या दिशी आयनं पैल्यांदा डोईवर पदर घेतला. मी परकरातली पोर, तिचं बोट धरून चाललेली. गावाच्या मधल्या वाटंनं गेलो. पारावरची माणसं हसली. म्हणली, बघा, आता ह्यांनीबी पदर घेतला!

रिबका : मग?

गुणाबाई : मग काय? आय थांबली न्हाय. मान खाली न्हाय घातली. घरात आल्यावर मातूर मटकन बसली आन मला म्हणली, गुणे, ह्यो आता खाली येऊ द्यायचा न्हाय.

रिबका : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

गुणाबाई : तू इचारलंस कवा? तुला वाटलं, म्हातारी भावाला भ्याली.

रिबका : थोडं वाटलं होतं.

गुणाबाई : थोडं न्हाय, लई वाटलं हुतं. तुझं तोंड काचंगत हाय, आतलं समदं दिसतंय.

रिबका : मग मीही एक सांगू? हसणार नाही ना?

गुणाबाई : सांग तर.

रिबका : मला तोंडानं प्रार्थना करता येत नाही. लहानपणापासून. सगळे उभे राहून किती छान बोलतात. मी उभी राहिले की पहिल्याच शब्दाला अडते. एकदा संडे स्कूलमध्ये रडले होते. घरी येऊन बापूंना सांगितलं, तर ते म्हणाले, मग वाजव. तुला म्हणायचंय ते वाजव, त्याला कळतं. तेव्हापासून तीच माझी प्रार्थना. दुसरी मला येत नाही.

गुणाबाई : हं.

रिबका : म्हणून रविवारी तुम्ही मागून पदर ओढत होता ना... तुमचा राग नाही हं आला. पण कुणीतरी प्रार्थनेच्या मध्येच बोलतंय, असं वाटत राहिलं.

गुणाबाई : त्यो फडका दे हिकडं, घडी घालते.

रिबका : घ्या. चुकलं का माझं काही?

गुणाबाई : थांब. इचार करते. तुझ्यासारखा मला लगीच न्हाय हुत इचार. ...शास्त्र आण. पौलानं काय लिवलंय त्ये वाच. अण्णा नुसतं लिवलंय, लिवलंय म्हणतोय. लिवलंय तरी काय?

रिबका : आणते. हं, हे पान. कुठून वाचू, मामा सांगतात तिथून?

गुणाबाई : का? त्याच्या आधीबी काय हाय?

रिबका : त्याच्या वरती पुरुषांचं आहे.

गुणाबाई : गड्यांचं? त्यांचं काय?

रिबका : की पुरुषानं प्रार्थना करताना डोकं झाकू नये. झाकलं तर आपल्याच मस्तकाचा अपमान.

गुणाबाई : पुन्ना वाच.

रिबका : पुरुषानं प्रार्थना करताना डोकं झाकू नये.

गुणाबाई : अगं माझे बाई! आन तिथं समदे गडी पटकं-टोप्या घालून बसत्यात की! अण्णाचा तर केवढा, कोथिंबिरीच्या गठ्ठ्यागत! तुला ह्ये आधीपासनं ठावं हुतं?

रिबका : लहानपणी पाठ केलेलं.

गुणाबाई : मग त्या दिशी अण्णाच्या तोंडावर का न्हाय म्हणलीस?

रिबका : कसं म्हणणार? मामा आहेत ते. आणि मी सहा महिन्यांची सून. पटका काढा म्हणू त्यांना?

गुणाबाई : तू नगंस म्हणू. मी म्हणते, माझा भाऊ हाय. आनी एकदा वाच. मला पाठ करू दे.

* * *

मायाप्पा : बोलावलंस म्हणून आलो, गुणे. उद्या पाळकसायेब येणार. सतरंज्या झाडायच्या हाईत, पाण्याची घागर भरायची हाय. लवकर सांग, पेटीचं काय ठरलं?

गुणाबाई : ठरतंय. अण्णा, पटका काड.

मायाप्पा : आँ?

गुणाबाई : डोईचा पटका काड म्हणते.

मायाप्पा : का? कोण गेलं?

गुणाबाई : कोण गेलं न्हाय. समदी बरी हाईत.

मायाप्पा : मग दिवेलागणीला काय अभद्र बोलतीस! कोण मेल्याबगार गडी पटका काडतोय व्हय चारचौघांत?

गुणाबाई : पुरुषानं प्रार्थना करताना डोकं झाकू नये. झाकलं तर आपल्याच मस्तकाचा अपमान.

मायाप्पा : ह्ये तुला कुणी शिकवलं?

गुणाबाई : पौलानं.

मायाप्पा : सूनबाई, चेष्टा करतीया का ही?

रिबका : नाही, मामा. तसंच लिहिलंय. तुम्ही सांगता त्याच पानावर, थोडं वर.

मायाप्पा : दाव. ...अक्षर बारीक हाय. चष्मा घरी ऱ्हायला. तूच वाच. ...हं. ...हं. आता ही काय भानगड? मिशनच्या मास्तरनं आमच्याकडनं खालचंच पाठ करून घेतलेलं. वर हाय म्हणून त्यानं सांगितलंच न्हाय.

गुणाबाई : त्यानं काय घातलं हुतं डोईला?

मायाप्पा : टोपी.

गुणाबाई : मग कशाला सांगंल?

मायाप्पा : हसू नगा गं दोघी. म्हंजे उद्या पाळकसायबाम्होरं समद्या गड्यांनी डोई उघडी करायची? परशराम टोपी काडंल व्हय? त्याच्या डोईवर एक केस न्हाय. खिडकीतनं ऊन आलं की पोरं त्याच्या डोईकडंच बघतील.

गुणाबाई : तू काडशील का सांग.

मायाप्पा : न्हाय.

गुणाबाई : पौलानं लिवलंय तरी?

मायाप्पा : गुणे, तुला म्हाईत हाय. आपला बा गावात पटका बांधाया भ्यायचा. पाटलाच्या दारावरनं जाताना मुंडासं सोडून काखेत धरायचा. म्या निपाणीत आलो, पैलं काय केलं असंल तर बाजारातनं पटक्याचं कापड आणलं. मुन्सिपाल्टीत शिपाई झालो तवा सायेब म्हणला, पटका काडून टोपी घाल. म्या बिल्ला काडून टेबलावर ठेवला. म्हणलं, ह्यो घ्या, पटका न्हाय मिळणार. सायेब हसला आन म्हणला, जा बाबा. तीस वर्सं पटक्यावर नोकरी केली. त्यो मान हाय माझा. त्यो काडला म्हणून देव जवळ येतोय असं मला वाटत न्हाय.

गुणाबाई : मलाबी वाटत न्हाय.

मायाप्पा : मग काड काड काय लावलंयस?

गुणाबाई : तुझा पटका पौलानं सांगितलं म्हणून डोईवर न्हाय. पौलानं नगं सांगितलं तरी हाय. कारण त्यो तुझा मान हाय. माझा पदरबी तसाच, आयनं दिलेला. उद्या पाळकसायेब म्हणला काड, तरी मी न्हाय काडणार. हाय का न्हाय?

मायाप्पा : हाय.

गुणाबाई : मग पौलाला मधी घालून पोरीला दम देऊ नगंस. तुझा मान तुझ्या डोईवर, माझा माझ्या डोईवर. तिचा तिच्या बोटांत हाय.

रिबका : आत्ती, पुरे.

गुणाबाई : का पुरे? खरं हाय त्ये. अण्णा, तू ऐकलंस की न्हाय तिचं वाजवणं?

मायाप्पा : खरं सांगू?

गुणाबाई : सांग.

मायाप्पा : न्हाय ऐकलं. त्या दिशी घरी गेल्यावर तुझी वहिनी अंथरुणावरनं इचारत हुती, गुडघ्यानं आता चर्चात येता येत न्हाय तिला, म्हणून दर रविवारी इचारती. म्हणली, आज कोणचं गायन झालं, कसं झालं, थोडं म्हणून दावा. आन मला सांगता येईना. पदर तीनदा पडला एवढंच ध्यानात. ती म्हणली, आवो, मग गेलतासा कशाला?

रिबका : मामींना मी येऊन म्हणून दाखवीन. उद्या उपासना सुटली की येते.

मायाप्पा : येशील? पेटी घेऊन ये. लई दिस झालं तिनं पेटी ऐकून.

गुणाबाई : त्ये ठरलं. उद्याचं सांग.

मायाप्पा : उद्या पाळकसायबानं इचारलं तर काय सांगू?

गुणाबाई : सांग, सीमेचा वाद बावीस वर्सं चाललाय, निपाणी महाराष्ट्राची का कर्नाटकाची त्येच अजून ठरंना. ह्यो तर पदराचा हाय, जरा येळ द्या.

मायाप्पा : तुला पंच करायला पायजे हुतं, गुणे.

गुणाबाई : केलं असतंसा तर झाले असते.

मायाप्पा : बरं. सूनबाई, माझं एक ऐकशील? पंच म्हणून न्हाय, मामा म्हणून. प्रार्थनेला पदर घे. पेटीवर हात ठेवलास की मग ऱ्हावू दे नायतर पडू दे. म्या बघणार न्हाय.

रिबका : घेईन, मामा. कालपासून मनात तेच होतं. तुमच्या पौलासाठी नाही, आत्तींच्या आयसाठी.

मायाप्पा : ती माझीबी आय हुती, पोरी.

* * *

गुणाबाई : गेली का समदी?

रिबका : गेली. मामा पाळकसाहेबांना घेऊन स्टँडवर गेले, बेळगावच्या गाडीत बसवायला. मी पेटी बांधते, मग मामींकडे जाऊ.

गुणाबाई : मला तर वाटलं हुतं, पाळकसायेब काय तरी बोलणार. तुझा पदर पैल्याच कडव्याला गेला.

रिबका : बोलले की. जाताना म्हणाले, निपाणीत एवढं गायन कधी ऐकलं नव्हतं. नाताळात बेळगावला या म्हणाले, सगळी मंडळी घेऊन.

गुणाबाई : आन पदराचं?

रिबका : अक्षर नाही. त्यांनी बघितलाच नसेल.

गुणाबाई : परशरामनं बघितला. आज जागा हुता बाबा पुरा येळ. तोंड उघडं टाकून ऐकत हुता.

रिबका : आणि मामा? माझी पाठ होती, मला दिसले नाहीत.

गुणाबाई : अण्णा? डोळं गच्च मिटून गात हुता. सूर कुठं, अण्णा कुठं! पर पटका अस्सा हालत हुता, समद्यांच्या वर.

रिबका : आत्ती, ते खोकं इकडं सरकवता? पेटी ठेवते.

गुणाबाई : रिबका, एक इचारू?

रिबका : विचारा की.

गुणाबाई : ही पेटी हितं आली तवा मी बारा वर्साची हुते. मेमसायबानं बैलगाडीतनं आणलेली, गवतात गुंडाळून. तवापासनं दर शनिवारी मी पुसते तिला. वरनं, खालनं, मागनं. पर आतल्या पट्ट्यांना बोट कवा लावलं न्हाय.

रिबका : का?

गुणाबाई : लाव म्हणून कुणी म्हणलं न्हाय.

रिबका : या इकडं. बसा माझ्याजवळ.

गुणाबाई : नगं गं. तंबाखूचा वास लागंल पट्टीला. माझी बोटं बघ कशी झाल्यात, धुऊनबी पिवळीच.

रिबका : लागू दे वास. ठेवा बोट.

गुणाबाई : कुठल्या पट्टीवर?

रिबका : कुठल्याही. ती पांढरी घ्या, तुमच्यासमोरची.

गुणाबाई : दाबली. वाजंना.

रिबका : मी भाता हलवते. तुम्ही फक्त दाबून ठेवा. हं, आता.

गुणाबाई : अगं!

रिबका : वाजलं की नाही?

गुणाबाई : ह्ये मी वाजवलं?

रिबका : तुम्हीच.

गुणाबाई : केवढं लांब जातंय गं. पार खिडकीभाईर.

रिबका : आता सोडा बोट.

गुणाबाई : थांब की. एवढ्यात कशाला सोडू?